लाकडी ठोकळ्यांचा इतिहास : मुलाचा हात कोणी, केव्हा सोडला?

१/ दिनांक ७ ऑगस्ट १८५१. प्रशियाचे शिक्षण व धर्मखात्याचे मंत्री कार्ल ऑटो फॉन राउमर यांनी एका आदेशाद्वारे राज्यातील किंडरगार्टनांवर बंदी घातली. या शाळा समाजवादी व्यवस्थेचा भाग असून मुलांना नास्तिकतेकडे नेतात, असे कारण देण्यात आले. ज्यांच्यापासून राज्याला हा धोका वाटत होता, त्या विद्यार्थ्यांना अजून अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या हाती लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे होते.

२/ एका बलाढ्य राज्याला लहान मुलांच्या ठोकळ्यांची धास्ती का वाटावी? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे. ठोकळ्यांचा इतिहास बहुधा खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो निराळ्या अंगाने मांडायचा आहे. मुलाच्या हाताने काय करावे, हे कोणी ठरवायचे, यावर झालेल्या दीर्घ वादाचा तो इतिहास आहे. या वादात तत्त्वज्ञ, डॉक्टर, शिक्षिका आणि राज्यकर्ते असे सारेच उतरले होते. शेवटी हा वाद आपल्याकडच्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या एका समुद्रकाठच्या गावापर्यंत येऊन पोहोचतो.

३/ प्रारंभी थोडे शरीराविषयी. त्यावाचून पुढचा इतिहास नीट उमगणार नाही. तान्हे मूल वस्तू पकडायला आधी शिकते, सोडायला नंतर. साधारण नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट जमू लागते. परंतु हातातली वस्तू हवी तेव्हा, हवी तिथे, अलगद सोडणे ही त्याहून अवघड क्रिया आहे. ती पहिल्या वाढदिवसाच्या आसपास जमू लागते आणि पुढे वर्ष-दीड वर्ष सुधारत राहते. एका ठोकळ्यावर दुसरा ठोकळा ठेवणे म्हणजे मुख्यतः नेमक्या क्षणी बोटे उघडणे होय. जरा लवकर उघडली तर ठोकळा पडतो आणि उशीर झाला तर खालचाही सोबत येतो.

४/ या एका कृतीत कितीतरी गोष्टी एकवटतात. खांदा व कोपर स्थिर ठेवावे लागतात, मनगट वळवावे लागते, डोळ्याने अंतर जोखावे लागते आणि एका हाताने आधार देऊन दुसऱ्याने ठेवावे लागते. खाली पडलेला ठोकळा घेण्यासाठी उकिडवे बसून पुन्हा तोल सावरत उठावे लागते. म्हणजे बोटांच्या बारीक स्नायूंबरोबर पाय, कंबर आणि पाठ यांच्या मोठ्या स्नायूंचाही कस लागतो. पुढे सदऱ्याची गुंडी लावणे, चमच्याने जेवणे, स्वतः पाणी ओतून घेणे ही स्वावलंबनाची पहिली कामे याच क्षमतांवर उभी राहतात.

५/ आता इतिहासाकडे वळू. खेळण्याचा उपयोग शिक्षणासाठी करावा, ही कल्पना प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने मुलांना हस्तिदंती अक्षरे खेळायला द्यावीत, असे सुचवले होते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९३ साली प्रसिद्ध झालेल्या शिक्षणविषयक ग्रंथात फाशांवर आणि खेळण्यांवर अक्षरे चिकटवण्याची युक्ती सांगितली. मुलाला आपण शिकतो आहोत याचा पत्ताही लागू नये आणि मारझोडीवाचून अक्षरे यावीत, हा त्याचा हेतू. छडीच्या त्या काळात हा विचार निश्चितच उदार होता.

६/ पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लॉकच्या या युक्तीत ठोकळा केवळ वाहन आहे, खरा माल म्हणजे त्यावरचे अक्षर. मुलाच्या हाताला त्यातून काय मिळते, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. तरीही त्याच ग्रंथात लॉक असेही सांगतो की, मुलांना विकतच्या खेळण्यांचा ढीग देऊ नये. गुळगुळीत खडा, कागदाचा तुकडा, आईच्या किल्ल्यांचा जुडगा एवढ्यावरही लहान मूल रमते, आणि मोठ्या मुलांनी आपली खेळणी आपणच करावीत. या दुसऱ्या विचाराचे वारस शंभर वर्षांनी पुढे आले.

७/ १७९८ साली मारिया एजवर्थ आणि तिचे वडील रिचर्ड लव्हेल एजवर्थ यांचा व्यावहारिक शिक्षणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे पहिलेच प्रकरण खेळण्यांवर आहे. सोनेरी मुलामा दिलेली, हात लावताच मोडणारी खेळणी मुलाच्या काय कामाची, असा त्यांचा सवाल होता. त्याऐवजी निरनिराळ्या आकारांचे साधे लाकडी तुकडे द्यावेत, मूल ते रचील आणि पाडील, असे त्यांनी सुचवले. त्या भल्यामोठ्या कुटुंबात मारियाने धाकट्या भावंडांना वाढवले होते, त्यामुळे हा सल्ला प्रत्यक्ष निरीक्षणातून आलेला होता. ठोकळ्यावरचे अक्षर पुसले गेले आणि ठोकळा प्रथमच ठोकळा म्हणून मुलाच्या हाती आला.

८/ यानंतर येतो या इतिहासाचा नायक, फ्रीड्रिश फ्रोबेल. जन्म २१ एप्रिल १७८२, जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील ओबरवाइसबाख गावी. वडील धर्मोपदेशक होते. मूल वर्षाचे होण्याआधीच आई निवर्तली. या एकाकी बालपणाची सावली त्याच्या साऱ्या विचारावर पडलेली दिसते. तरुणपणी त्याने बर्लिनच्या खनिज संग्रहालयात स्फटिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान झामुएल वाइस यांच्या हाताखाली काम केले. स्फटिक हाताळताना त्याच्या मनात एक विचार रुजला : निसर्ग आतून बाहेर, नियमाने आणि स्वतःच्या बळावर वाढतो, तर मग माणसाचे मूलही तसेच वाढत असले पाहिजे.

९/ १८३७ साली फ्रोबेलने ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली. १८४० मध्ये तिला नाव दिले किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. मुलांसाठी त्याने सिद्ध केलेल्या खेळसाहित्याला तो ‘देणग्या’ म्हणे. पहिली देणगी म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दोरीला बांधलेला असा चेंडू आईने तान्ह्या मुलापुढे झुलवावा, त्याने तो पकडावा, सोडावा, पुन्हा शोधावा. दुसऱ्या देणगीत लाकडी गोल, दंडगोल आणि घन. पकड, घरंगळ आणि स्थैर्य यांचे पहिले धडे हेच.

१०/ तिसरी देणगी हा खरा क्रांतिकारक टप्पा. दोन इंच बाजूची एक लाकडी पेटी. ती पालथी घालून उचलली की समोर अखंड घन उभा राहतो. स्पर्श करताच तो एकेक इंचाच्या आठ घनांत सुटा होतो. मुलाने त्यांतून खुर्ची, पूल, जिना असे जगण्यातले आकार करावेत. मग सुंदर आकृत्या रचाव्यात. शेवटी आठांचे दोन, चार, आठ भाग करून संख्या जाणावी. खेळ संपला की सारे तुकडे पुन्हा पेटीत, पुन्हा अखंड. पाचव्या देणगीत हेच तत्त्व पुढे नेऊन मोठा घन ३९ तुकड्यांत विभागला होता, त्यांतले काही तिरके कापलेले.

११/ आता बंदीकडे परत येऊ. १८४८ ची क्रांती नुकतीच चिरडली गेली होती आणि प्रशियाचे सरकार प्रत्येक नव्या संस्थेकडे संशयाने पाहत होते. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल फ्रोबेल याने स्त्रियांसाठी उच्च शिक्षणसंस्था काढण्याविषयी एक पुस्तिका लिहिली होती. ती समाजवादी विचारांची मानली गेली आणि काका-पुतण्यांत गल्लत होऊन काकाच्या बालशाळांवर गंडांतर आले, असा खुलासा बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतो. फ्रोबेलने ही चूक सरकारच्या निदर्शनास आणून दिली. बंदी मात्र उठली नाही.

१२/ त्यावरून असे दिसते की केवळ नावाची गल्लत हे पूर्ण कारण नव्हते. किंडरगार्टनमध्ये स्त्रिया प्रशिक्षण घेऊन शिक्षिका होत होत्या. धर्मप्रश्नोत्तरांचे पाठांतर नव्हते. मुले आज्ञेपेक्षा स्वतःच्या कृतीतून शिकत होती. आज्ञाधारक प्रजा घडवू पाहणाऱ्या राज्याला यातली प्रत्येक गोष्ट खटकणारी होती. बंदीनंतर दहा महिन्यांनी, २१ जून १८५२ रोजी, फ्रोबेलचे निधन झाले. बंदी उठली १८६० साली. ते पाहायला तो उरला नव्हता.

१३/ परंतु बंदीमुळेच ही कल्पना जगभर गेली, असेही म्हणता येईल. बेर्टा फॉन मारेनहोल्ट्स-ब्युलो या सरदार घराण्यातील बाईंनी युरोपभर फिरून तिचा प्रसार केला. १८४८ नंतर जर्मनी सोडून गेलेल्या कुटुंबांबरोबर ती अमेरिकेत पोहोचली. १८५६ साली मार्गारेटे शुर्त्स हिने विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथे जर्मन भाषेतील किंडरगार्टन सुरू केले. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात फ्रोबेलच्या देणग्या पाहून एका आईने त्या आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी आणल्या. तो मुलगा म्हणजे पुढे विख्यात झालेला वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट. ते ठोकळे आपल्या बोटांत कायमचे राहिले, अशी भावना त्याने उतारवयात नोंदवली आहे.

१४/ मात्र प्रसाराबरोबर कर्मठपणाही आला. अमेरिकेतील अनेक किंडरगार्टनांत मुले इंचाइंचाच्या चौकटी आखलेल्या मेजांशी बसत. बाई सांगतील तो ठोकळा, सांगतील त्या चौकटीत, सर्वांनी एकाच वेळी ठेवायचा. एकही तुकडा वगळायचा नाही, क्रम बदलायचा नाही. ज्या साधनातून मुलाची आंतरिक प्रेरणा प्रकट व्हावी असे फ्रोबेलला वाटत होते, त्याची कवायत झाली होती. यात दोष केवळ अनुयायांचा नव्हता. देणग्यांचा क्रम आणि नियम फ्रोबेलनेच बारकाईने आखून दिले होते.

१५/ या कवायतीला पहिले मोठे आव्हान शरीराच्या बाजूने मिळाले. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांचा आक्षेप असा : लहान मुलात आधी हातापायांचे मोठे स्नायू बळावतात, बोटांचे बारीक स्नायू नंतर. मग एवढ्याशा मुलांकडून इंचभर ठोकळ्यांची नाजूक कामे का करवून घ्यावीत? १८९५ साली क्लार्क विद्यापीठात किंडरगार्टन शिक्षिकांसमोर त्यांनी ही टीका मांडली, तेव्हा बहुतेक जणी संतापून निघून गेल्या. ज्या दोघी थांबल्या, त्या ॲना ब्रायन आणि तिची शिष्या पॅटी स्मिथ हिल.

१६/ पॅटी स्मिथ हिल हे नाव आपल्याला ठाऊक नसले, तरी तिचे काम आपण सर्वांनी ऐकले आहे. वाढदिवसाच्या जगप्रसिद्ध इंग्रजी गाण्याची चाल तिने आणि तिची बहीण मिल्ड्रेड हिने मुळात शाळेतल्या सकाळच्या गाण्यासाठी केली होती. ठोकळ्यांच्या इतिहासात तिचे स्थान निराळे आहे. तिने मेजावरचे चिमुकले ठोकळे बाजूला सारून जमिनीवर मांडायचे मोठे ठोकळे तयार केले. ते उचलायला दोन्ही हात लागत, कधी दोन मुले लागत. आणि त्यांतून उभ्या राहिलेल्या घरात मुलांना स्वतः शिरता येई.

१७/ तेच ठोकळे पाहून कॅरोलाइन प्रॅट या सुतारकामाच्या शिक्षिकेला आपली वाट सापडली. १९१४ साली तिने न्यू यॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये एक छोटी शाळा काढली. तिने घडवलेल्या ठोकळ्यांचे माप साधे होते : जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब. इतर तुकडे त्याचे अर्धे, दुप्पट, चौपट. लाकूड गुळगुळीत, वर रंग नाही, अक्षर नाही, चित्र नाही. दोन अर्धे मिळून एक होतो, हे मुलाच्या हाताला आधी कळे आणि डोक्याला नंतर. या ठोकळ्यांतून काय करायचे, हे शिक्षिका सांगत नसे. आज जगभरच्या बालवाड्यांत दिसणारे साधे लाकडी ठोकळे बहुतांशी याच मापाचे वंशज आहेत.

१८/ न्यू यॉर्कमध्येच हॅरिएट जॉन्सन हिने बालवाडीतील मुलांचा ठोकळ्यांचा खेळ वर्षानुवर्षे निरखला आणि १९३३ साली त्यावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. तिला आढळलेला क्रम असा : सर्वांत लहान मुले रचत नाहीत, ती ठोकळे नुसते उचलून इकडून तिकडे नेतात. मग ओळी आणि मनोरे येतात. पुढे दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा ठेवून पूल साधतो, चार बाजूंनी कुंपण घातले जाते, आकृत्या येतात आणि अखेरीस ‘हे घर, ही बोट’ असे नाव दिले जाते. ‘नुसते नेणे’ हीदेखील एक पायरी आहे, ही नोंद मला अत्यंत मोलाची वाटते. भार, आकार आणि तोल यांची ओळख मूल तेव्हाच करून घेत असते.

१९/ त्याच सुमारास येल विद्यापीठातील डॉक्टर आर्नोल्ड गेझेल हे बालविकास मोजण्यासाठी इंचभर लाल घन वापरत होते. सव्वा वर्षाच्या सुमारास दोन घनांचा मनोरा, दोन वर्षांच्या आसपास सहा-सातांचा, तिसऱ्या वर्षी नऊ-दहांचा आणि तीन घनांचा पूल, अशी ढोबळ मोजणी आजही बालरोगतज्ज्ञ वापरतात. या मोजणीचा लाभ मोठा आहे, कारण तिच्यामुळे एखाद्या मुलाची अडचण वेळेवर ध्यानात येऊ शकते. धोकाही आहे. सरासरी ही निरीक्षणाची पट्टी असते, तिची परीक्षा करू नये. शेजारचे मूल सात ठोकळे रचते म्हणून आपल्या मुलाच्या हातावर हात ठेवून आठवा रचवण्यात काहीच हशील नाही.

२०/ आता काही वर्षे मागे, रोमला जाऊ. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या कष्टकरी वस्तीत डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले बालगृह उघडले. त्यामागचे कारण मजेशीर आहे. आईबाप कामावर गेले की मुले इमारतीच्या नव्या भिंती खराब करीत. म्हणून मालकसंस्थेला त्यांना सांभाळणारे कोणीतरी हवे होते. मॉन्टेसरी यांनी आधी मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांबरोबर काम केले होते आणि इतार व सेगँ या फ्रेंच डॉक्टरांची साधने अभ्यासली होती. तीच परंपरा त्यांनी येथे पुढे नेली.

२१/ त्यांचा गुलाबी मनोरा प्रसिद्ध आहे. दहा घन, सर्वांत लहान एक सेंटिमीटर बाजूचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. लहान घन चिमटीत मावतो, मोठ्याला पंजा पुरत नाही. त्याआधीच्या साधनात लाकडी ठोकळ्यातील खोबणीत दट्ट्ये बसवायचे असतात. प्रत्येक दट्ट्याची छोटी मूठ तीन बोटांनी धरावी लागते, पुढे लेखणी धरायची तशीच. चूक झाली की एक दट्ट्या उरतो किंवा बसत नाही. म्हणजे ‘चुकलास’ असे सांगायला कोणी मोठे माणूस लागत नाही. ते काम लाकूडच करते.

२२/ मॉन्टेसरी यांनी स्वतः सांगितलेला एक प्रसंग. एके दिवशी शिक्षिकेला यायला उशीर झाला आणि आदल्या दिवशी साहित्याच्या कपाटाला कुलूप लावायचे राहून गेले होते. ती आली तेव्हा मुलांनी आपापले साहित्य काढून काम सुरूही केले होते. शिक्षिकेला ती चोरी वाटली. मॉन्टेसरींना दिसले ते निराळेच : मुलांना साहित्य ओळखता येते आणि निवडता येते. तेव्हापासून कुलूपबंद उंच कपाटे गेली आणि मुलांच्या हाताला येतील अशी उघडी, ठेंगणी फडताळे आली. आज कोणत्याही बालवाडीत ठेंगणे फडताळ दिसले की मला ते न लावलेले कुलूप आठवते.

२३/ तथापि येथेही सारे मोकळे नव्हते. गुलाबी मनोरा हा मनोराच. त्याची आगगाडी करणे मॉन्टेसरी पद्धतीत अपेक्षित नव्हते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ साली नेमके यावरच बोट ठेवले : साहित्य मर्यादित आहे आणि कल्पनेला वाव अपुरा. त्याच वर्षी प्रॅटची शाळा निघाली, हे येथे आठवावे. मुलाने स्वतः साधन निवडावे, पण वापर ठरलेला असावा, असे एक मत. वापरही त्यानेच ठरवावा, असे दुसरे. हा वाद आजही मिटलेला नाही. माझ्या मते दोन्ही पक्षांकडे सत्याचा एकेक वाटा आहे.

२४/ राज्यसत्तेचा प्रश्न मात्र पुन्हा उभा राहिला. १९२० च्या दशकात मुसोलिनीच्या सरकारने मॉन्टेसरी शाळांना आश्रय दिला. परंतु शिस्तीत कूच करणारी मुले हवी असलेली राजवट आणि स्वतः निवड करणारी मुले घडवणारी पद्धती यांचा मेळ टिकणे कठीण होते. १९३४ पर्यंत संबंध तुटले, इटलीतील मॉन्टेसरी शाळा बंद झाल्या. नाझी जर्मनीतही त्या बंद करण्यात आल्या. १८५१ चा प्रशियन आदेश हा म्हणूनच केवळ नावाच्या गल्लतीचा विनोदी किस्सा राहत नाही.

२५/ येथून धागा आपल्याकडे वळतो. मॉन्टेसरी १९३९ साली मद्रासला आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत भारतात राहिल्या. पण त्यांचे विचार त्यांच्या आधीच येथे पोहोचले होते. वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक राजकोटमधील प्राचार्यपद सोडून त्यांच्या कामात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मराठी बालशिक्षणाचा पाया येथे घातला गेला.

२६/ ताराबाईंपुढचा प्रश्न युरोपातल्या कोणापुढेही नव्हता, इतका कठीण होता. १९३१ साली लंडनमध्ये मॉन्टेसरी प्रशिक्षणवर्गापुढे बोलताना गांधीजींनीही भारतातील गरिबांच्या मुलांपर्यंत हे शिक्षण पोहोचावे, अशी आशा व्यक्त केली होती. पण मापात कापलेले, रंगवलेले, पेटीबंद साहित्य खेड्याला परवडणार कसे? १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या. सोबत होत्या अनुताई वाघ. परिसरातले शंख-शिंपले, बिया, खडे, माती, पाने, बांबूचे तुकडे हेच तेथे साहित्य झाले. चिमूट शिंपल्यानेही घडते. लहान-मोठे, जड-हलके हा भेद खड्यांतही असतो.

२७/ त्याहून महत्त्वाचा बदल जागेचा होता. वस्तीतील मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. त्यातूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द आला. तेथे आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे हाही शिक्षणाचाच भाग होता. स्वावलंबनाची सुरुवात शरीरापासून होते, हे त्यांनी नेमके ओळखले होते. पुढे हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये विस्तारले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. तो शब्द बोर्डीच्या अंगणातून आला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

२८/ खेळण्यांच्या बाजारातही एक समांतर कथा घडत होती. डेन्मार्कमधील बिलुंड गावचे सुतार ओले किर्क क्रिस्टियान्सन यांनी १९३२ पासून लाकडी खेळणी बनवली. त्यांच्या लेगो कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटेचे पेटंट नोंदवले. १९६९ साली लहानग्यांसाठी ड्युप्लो आली : लांबी, रुंदी, उंची दुप्पट, म्हणजे आकारमान आठपट. लहान हाताला मोठा ठोकळा हवा, हे हॉल आणि हिल यांचेच म्हणणे येथे कारखान्यात उतरले. पण खोक्यासोबत कृतिपुस्तिका आली की जुना प्रश्नही परत येतो : हे बांधकाम मुलाचे की पुस्तिकेचे?

२९/ आपल्या घरांतही ही परंपरा निराळ्या रूपात होतीच. लगोरीच्या चपट्या दगडांची उतरंड रचताना घाईत हात स्थिर ठेवण्याचा सराव होतो. दिवाळीतला मातीचा किल्ला हे तर आपल्यापैकी अनेक इतिहासप्रेमींचे पहिले बांधकाम आणि पहिले संशोधनही. ताई-दादा बुरूज थापत असताना दीड-दोन वर्षांचे धाकटे भावंड चिखलाचे गोळे नुसते इकडून तिकडे नेत असते. ‘मध्ये मध्ये करू नकोस’ म्हणून आपण त्याला उचलून बाजूला ठेवतो. हॅरिएट जॉन्सनच्या क्रमातली पहिली पायरी नेमकी तीच होती.

३०/ या साऱ्या इतिहासातून एक सूत्र हाती लागते. लॉकने अक्षरासाठी मुलाचा हात धरला, फ्रोबेलने नियमासाठी, मॉन्टेसरींनी तो सोडला पण साधनाला दिशा दिली, प्रॅटने तीही मोकळी केली. ताराबाईंनी दाखवले की त्यासाठी विकतची पेटीही आवश्यक नाही. प्रत्येक पिढीने हात आणखी थोडा सोडला आणि प्रत्येक वेळी कोणाला तरी त्याची भीती वाटली. ती भीती कधी मंत्र्याला वाटते, तर कधी घरातल्या प्रेमळ माणसाला. मनोरा तिरपा होऊ लागला की ‘अरे, पडेल!’ म्हणत आपणच पटकन पुढे होऊन तो सरळ करतो.

३१/ मनोरा पडणे हा त्या खेळाचाच भाग आहे. मोठे माणूस जवळ असावे. तोंडात जातील असे बारीक तुकडे हाताशी नसावेत. कोणी जखमी होणार नाही, एवढे पाहावे. बाकी हात मागे घ्यावा. मूल ठोकळा सोडायला वर्षभरात शिकते. आपल्याला मात्र त्याचा हात सोडायला दोन-तीन शतके लागली आणि अजूनही तो आपण पुरता सोडलेला नाही.

३२/ जर्मनीतील श्वाइना गावी फ्रोबेलची समाधी आहे. तिच्यावर दगडात घडवलेले तीन आकार एकावर एक रचलेले आहेत : खाली घन, त्यावर दंडगोल, सर्वांत वर गोल. त्याची दुसरी देणगी. ज्या आदेशाने त्याच्या शाळा बंद झाल्या, तो आज अभिलेखागारात आहे. ते तीन आकार मात्र जगभरच्या बालवाड्यांत रोज कोणीतरी रचते आणि पाडते. आपल्या लहानपणी घरी कोणते ठोकळे होते, लाकडी, प्लास्टिकचे की नुसत्या रिकाम्या काड्यापेट्या, ते जरूर लिहा. अशा आठवणी हेही बालपणाच्या इतिहासाचे साधनच आहे.